मुक्तद्वार कलासंग्रहालय

वॉशिंग्टन ही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांची राजधानी. या शहराच्या गजबजलेल्या भागात, सातव्या आणि नवव्या रस्त्यांच्या मधोमध, उंच दगडी स्तंभांची एक जुनी इमारत उभी आहे. तिच्या आत जाणाऱ्यास कोणी तिकीट विचारीत नाही. पिशव्या तेवढ्या तपासल्या जातात. मंत्री असो, हमाल असो, दूरदेशीचा प्रवासी असो की शेजारच्या शाळेतील मुले असोत, सर्वांना दार सारखेच उघडे. आपल्याकडे उत्सवाच्या दिवशी मुक्तद्वार भोजन घालतात. येथे नाताळचा दिवस वगळला, तर चित्रांचे आणि शिल्पांचे मुक्तद्वार असते. या संस्थेचे नाव स्मिथसोनियन अमेरिकन कलासंग्रहालय. अमेरिकेत घडलेली कला हाच तिच्या संग्रहाचा विषय आहे.

गंमत अशी, की ज्याचे नाव या संग्रहालयाला लाभले आहे, त्या जेम्स स्मिथसन याने अमेरिका कधी पाहिलीही नव्हती. तो इंग्लंडमधील एक शास्त्रज्ञ. इ. स. १८२९ मध्ये तो वारला. आपला पुतण्या निपुत्रिक मरण पावल्यास सर्व संपत्ती अमेरिकेला द्यावी आणि तीतून ज्ञानाची वृद्धी व प्रसार करणारी संस्था वॉशिंग्टन येथे स्थापावी, असे त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. त्याने असे का केले, याचा खुलासा मात्र त्यात नाही. पुतण्या १८३५ मध्ये निपुत्रिकच वारला, आणि १८३८ मध्ये एक लाखाहून अधिक सोन्याची नाणी जहाजातून अमेरिकेस पोहोचली. त्या पैशाचे करावे काय, यावर तेथील लोकप्रतिनिधींनी पुढे आठ वर्षे वाद घातला! अखेर १८४६ मध्ये स्मिथसोनियन संस्था जन्मास आली. आज तिच्या छत्राखाली अनेक संग्रहालये आहेत. त्यांच्या खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग सरकारी तिजोरीतून येतो. बाकीचा देणग्या व इतर उत्पन्नातून. तेव्हा प्रेक्षकाला तिकीट पडत नाही, याचा अर्थ तेथे खर्च नाही असा नव्हे. त्याच्यासाठी तो दुसऱ्या कोणीतरी सोसलेला असतो.

इमारतीची कथाही ऐकण्यासारखी आहे. तिचे बांधकाम १८३६ मध्ये सुरू झाले, ते नव्या शोधांची नोंद करणाऱ्या सरकारी कचेरीसाठी. शोध लावणाऱ्याने आपल्या यंत्राची लहानशी प्रतिकृती तेथे आणून द्यावी, असा त्या काळी नियम होता. अशा हजारो प्रतिकृती उंच काचकपाटांत मांडलेल्या असत. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि जखमी सैनिकांच्या खाटा त्याच कपाटांच्या रांगांमध्ये लागल्या. विख्यात कवी वॉल्ट व्हिटमन तेथे त्यांच्या शुश्रूषेसाठी जात असे. मार्च १८६५ मध्ये, अध्यक्ष लिंकन दुसऱ्यांदा अधिकारारूढ झाले तेव्हा, याच दालनांत मोठा समारंभ झाला. असा इतिहास पाठीशी असूनही १९५३ मध्ये ही वास्तू पाडून मोटारी उभ्या करण्यासाठी जागा करावी, असा विचार पुढे आला होता. सुदैवाने तो बारगळला. १९५८ मध्ये इमारत स्मिथसोनियन संस्थेकडे देण्याचा कायदा झाला आणि १९६८ मध्ये ती कलासंग्रहालय म्हणून लोकांना खुली झाली. राष्ट्रीय व्यक्तिचित्र संग्रहालयही याच छपराखाली आहे.

संग्रहालयातील चारशेहून अधिक चित्रे जॉर्ज कॅटलिन या एकाच चित्रकाराची आहेत. कॅटलिन मूळचा वकील. वकिली सोडून १८३० नंतरच्या काही वर्षांत तो पश्चिमेकडील रानावनांत हिंडला आणि अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या सुमारे पन्नास जमातींमध्ये जाऊन त्याने त्यांची चित्रे काढली. याच काळात सरकार या लोकांना त्यांच्या भूमीवरून हुसकावीत होते. मँडन जमातीचा नायक माहतोतोपा याचे चित्र त्याने १८३२ मध्ये रंगविले. गरुडाच्या पिसांचा शिंगे लावलेला शिरपेच, स्वतःच्या पराक्रमांची चित्रे काढलेला चामडी अंगरखा, हाती भाला, अशा पूर्ण पोशाखात तो नायक उभा आहे. पाच वर्षांनी मँडनांच्या गावांत देवीची साथ आली. तीत माहतोतोपा गेला, आणि त्याच्याबरोबर जवळजवळ सारी जमात गेली. शेदीडशे माणसे काय ती उरली. त्यांचे वंशज आज उत्तर डकोटात राहतात. आपल्या पूर्वजांची मुद्रा आणि पोशाख त्यांना या चित्रांत पाहावयास मिळतो.

कॅटलिन मात्र आपली चित्रे तिकीट लावून दाखवीत असे. प्रथम न्यूयॉर्कला आणि मग लंडनला त्याने प्रदर्शने भरविली. पण खर्च भागेना. सरकारने चित्रे विकत घ्यावीत म्हणून केलेल्या खटपटीही फुकट गेल्या. १८५२ मध्ये तो कर्जात पुरता बुडाला, तेव्हा जोसेफ हॅरिसन नावाच्या कारखानदाराने देणे फेडून सारी चित्रे ताब्यात घेतली आणि फिलाडेल्फियातील आपल्या बाष्पकांच्या कारखान्यात ठेवून दिली. स्मिथसोनियन संस्थेला ती १८७९ मध्ये भेट मिळाली. त्या वेळी कॅटलिन हयात नव्हता.

आल्बर्ट बियरस्टाट याचे ‘सिएरा नेव्हाडाच्या पर्वतांत’ हे सहा फूट उंच व दहा फूट रुंद चित्र १८६८ चे आहे. आरशासारखे सरोवर, काठावर पाण्याशी आलेली हरणे, मागे धबधबे, आणि ढगांच्या फटीतून बर्फाच्या शिखरांवर सांडणारा प्रकाश! प्रेक्षकाने प्रथम दहा पावले दूर उभे राहावे आणि मग हळूहळू जवळ जावे. जवळून त्या तेजाचे नुसते रंगाचे फटकारे होतात. परंतु हे चित्र सिएराच्या पायथ्याशी नव्हे, तर रोम शहरी रंगविलेले आहे, आणि असे नेमके ठिकाण त्या पर्वतात कोठेही नाही. आठवणी आणि कल्पना यांची ती जुळणी आहे. चित्रात एकही मनुष्य नाही, ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. त्या दऱ्याखोऱ्यांत माणसे पिढ्यान् पिढ्या राहत होती. चित्रे युरोपात पाहणाऱ्यांना मात्र वाटे, की हा सुंदर प्रदेश आपल्याचसाठी रिकामा पडला आहे. सुंदर चित्रही अपुरी साक्ष देऊ शकते.

सर्वच वस्तू इतक्या जुन्या नाहीत. कोरियात जन्मलेल्या नाम जून पाइक याने ३३६ दूरचित्रवाणी संच आणि निऑनच्या रंगीत नळ्या यांचा अमेरिकेचा चाळीस फूट रुंद नकाशा १९९५ मध्ये उभारला. वॉशिंग्टनच्या जागी पाहणाऱ्याचेच चित्र उमटते, त्यामुळे मुले तेथून हलता हलत नाहीत.

पण पुष्कळांच्या मनात घर करून राहते ते एक सिंहासन. ते घडविणारा जेम्स हॅम्प्टन हा वॉशिंग्टनमधीलच एका सरकारी कचेरीत रात्रपाळीने झाडलोट करणारा कृष्णवर्णीय कामगार होता. त्याने चित्रकलेचे शिक्षण घेतलेले नव्हते. १९५० च्या सुमारास त्याने एक गॅरेज भाड्याने घेतले. मध्यरात्री काम संपले, की तो तेथे जाई. मोडके फर्निचर, पुठ्ठे, जळालेले दिवे, मुरंब्याच्या रिकाम्या बरण्या असे जे मिळेल ते आणून त्यांवर सोनेरी व रुपेरी वर्ख तो चढवी. तो गाढ श्रद्धेचा ख्रिस्ती होता, आणि देवाच्या पुनरागमनासाठी आसन सिद्ध करावे, हा त्याचा ध्यास होता. सुमारे चौदा वर्षे हे काम चालले. १९६४ मध्ये तो वारला, आणि भाड्याची चौकशी करण्यास आलेल्या मालकाने दार उघडले, तो आत सुमारे १८० वस्तूंचा लखलखता दरबार! पंख लावलेल्या वेदी, मुकुट, व्यासपीठे. मधोमध सिंहासन, आणि त्याच्या माथ्यावर ‘भिऊ नका’ अशी अक्षरे. १९७० मध्ये हा दरबार संग्रहालयात आला. ज्या वर्खाचे आपण गोळे करून फेकून देतो, तो येथे जवळून पाहिला तरी क्षणभर सोनेच वाटतो.

हॅम्प्टनने या कामाबरोबर एक वहीही लिहिली होती. तिची लिपी त्याने स्वतःच तयार केलेली आहे. अनेक जाणकारांनी प्रयत्न केले. पण ती वही अद्याप कोणालाही वाचता आलेली नाही.