बेक केलेल्या कांद्याला पाणी का सुटलं? (आणि 'चल' म्हणजे नेमकं काय)



मागच्या आठवड्यात एका ज्युनिअरचा फोन आला. सिनॉप्सिसच्या प्रेझेंटेशनमध्ये तिला एकच प्रश्न विचारला, "तुमचे नियंत्रित चल कोणते?" आणि ती गप्प झाली. व्याख्या तिला पाठ होती. नेट-सेटच्या पेपरात तिने बरोबर पर्यायावर टिक केली असती. पण स्वतःच्या प्रयोगावर बोट ठेवून 'हा बघा, हा मी स्थिर ठेवला' असं सांगता येईना. फोनवर रडली बिचारी. मी तिला पुस्तकातलं उदाहरण दिलं नाही, माझ्या कांद्याची गोष्ट सांगितली. तीच इथे लिहिते.

आमचं गाव लातूरजवळ. भावाच्या लग्नात एक ओटीजी आला होता, तो वर्षभर खोक्यातच होता. जूनमध्ये वहिनीने तो बाहेर काढला आणि कांद्याची एक बेक डिश केली. गोल चकत्या केलेला कच्चा कांदा, त्यावर व्हाइट सॉस, त्यावर चीज, वरून टोस्टाचा चुरा. फार छान झाली. मी रेसिपी वहीत उतरवून घेतली.

नोव्हेंबरमध्ये नांदेडला, विष्णुपुरीच्या आमच्या खोलीवर, रूममेटचा ओटीजी होता म्हणून तीच डिश केली. वजनं तीच, वेळ तोच. आणि भांड्यात खाली पाणीच पाणी. वर चीज तरंगतंय, सॉस फुटलेला, कांदा अर्धा कच्चा. आम्ही ते पावाबरोबर संपवलं, कारण चीज काही फुकट येत नाही आणि फेलोशिप त्या महिन्यात आली नव्हती.

दुसऱ्यांदा केली तेव्हा मी तीन गोष्टी बदलल्या. कांदा आधी परतून घेतला, सॉसमध्ये मैदा वाढवला आणि तापमान १८० वरून २०० केलं. डिश मस्त जमली. रूममेटने विचारलं, "कशामुळे जमली गं?" मला सांगता आलं नाही. परतल्यामुळे? मैद्यामुळे? तापमानामुळे? की तिघांच्या मिळून?

हे हसण्यावारी गेलं. पण नेमकी हीच चूक मी लॅबमध्ये करून बसले होते आणि तिथे ती हसण्यावारी गेली नाही. झिंक ऑक्साइडचे नॅनोकण तयार करून त्यांनी रंगद्रव्याचं विघटन किती होतं, हे मी पाहत होते. एका आठवड्यात रसायनाची जुनी बाटली संपली म्हणून नवी उघडली, आणि त्याच आठवड्यात नमुना वाळवण्याचं तापमानही बदललं. निकाल एकदम सुधारले. मी ते श्रेय तापमानाला दिलं आणि पुढचं सगळं काम त्याच दिशेने केलं. नंतर कोणीतरी साधा प्रश्न विचारला, "बाटली कोणती होती?" सहा महिन्यांचं काम बाजूला ठेवून पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

तर आता कांदा.

कांद्यात ८५ टक्क्यांहून जास्त पाणी असतं, पण ते पेशींच्या आत कोंडलेलं असतं. मीठ लागलं की ते थोडं बाहेर येतं, आणि उष्णतेने पेशींची आवरणं निकामी झाली की भराभर सुटतं. व्हाइट सॉस घट्ट होतो तो मैद्यातल्या स्टार्चमुळे. ६०-६५ अंशांच्या पुढे स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगायला लागतात. पण आपण मैदा घातलेला असतो दुधाच्या हिशोबाने. कांद्याचं पाणी त्या हिशोबात नसतंच! ते सॉसमध्ये उतरलं की सॉस पातळ होतो.

दुसरी गोष्ट तापमानाची. जोवर भांड्यात मोकळं पाणी आहे, तोवर आतला भाग शंभर अंशांच्या वर जाणार नाही, ओव्हनची कळ २०० वर असली तरी. आणि कांद्याला खमंग तपकिरी रंग देणारी मेलार्ड अभिक्रिया (लुई कामिय मेलार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये वर्णन केलेली) जोमाने होते ती साधारण १४० अंशांच्या आसपास. म्हणून चिजाखालचा कच्चा कांदा ओव्हनमध्ये भाजला जात नाही, स्वतःच्याच पाण्यात उकडतो. वरून चिजाचं झाकण, वाफ जाणार कुठे?

जाता जाता एक. शेतात भाकरीबरोबर बुक्की मारून फोडलेला कांदा आपण सगळ्यांनी खाल्लाय. अख्खा कांदा डोळ्याला झोंबत नाही, फोडला की झोंबतो, कारण विकर आणि त्याचं द्रव्य पेशीत वेगवेगळ्या कप्प्यांत असतात आणि कप्पे फुटल्यावरच भेटतात. बरीच वर्षं याचं श्रेय ॲलिनेज या एकाच विकराला दिलं जायचं. २००२ मध्ये जपानी संशोधकांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की अश्रू आणणारा वायू बनवायला दुसरंच एक विकर लागतं. या कामाला २०१३ चं इग नोबेलही मिळालं. म्हणजे श्रेय चुकीच्या चलाला देणारी मी काही पहिली नाही.

आता प्रयोग. माझी परिकल्पना साधी होती: कांदा आधी परतला तर डिशला पाणी कमी सुटेल. इथे परतणं किंवा न परतणं हा स्वाश्रयी चल आणि सुटलेलं पाणी हा आश्रयी चल. पण 'पाणी सुटलं' म्हणजे काय? डोळ्याने 'जरा पातळ' म्हणणं चालणार नाही. म्हणून कार्यात्मक व्याख्या केली: ओव्हनमधून काढल्यावर पाच मिनिटांनी वाटी तिरकी करायची, जमलेलं पाणी चमच्याने काढायचं आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करायचं. मैदा, दूध, मीठ, चीज, तापमान, वेळ, चकतीची जाडी हे सगळे नियंत्रित चल. माझ्या ज्युनिअरला जे सापडत नव्हतं ते हेच, 'मी मुद्दाम हात लावला नाही' अशा गोष्टींची यादी.

यादी लिहिताना माझ्या लक्षात आलं की कांदा त्यात नाहीये. जूनमध्ये वहिनीने वापरला तो उन्हाळी कांदा, म्हणजे रब्बीचा, नीट सुकवून चाळीत ठेवलेला. नोव्हेंबरमध्ये मी आणला तो नवा लाल कांदा, खरिपाचा, नुकताच निघालेला. टिकत नाही म्हणून लगेच विकावा लागतो तो. वहीत मी दोन्हीकडे फक्त 'कांदा ५०० ग्रॅम' लिहिलं होतं. बाबांना फोन केला तर ते म्हणाले, चाळीत एक गोणी शिल्लक आहे, घेऊन जा. भाव येईल म्हणून ठेवली होती. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी झाली, त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. भावाची वाट बघणं तेव्हा आमच्या घरात कोणालाच नवीन नव्हतं. आई मात्र गोणी बघून म्हणाली, "काय करलालीस गं येवढ्या कांद्याचं?"

इथे आपल्या मदतीला येतात पानसे आणि सुखात्मे. त्यांचं शेती-संशोधकांसाठीचं संख्याशास्त्राचं पुस्तक १९५४ मध्ये आलं आणि परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या कुठल्याही संशोधकाला विचारा, ते नाव त्याला माहीत असतं. त्यामागचा विचार रोनाल्ड फिशरचा. शेत सगळीकडे सारखं नसतं, एक कोपरा पाणथळ, एक मुरमाड. म्हणून शेताचे आतून एकसारखे तुकडे म्हणजे ब्लॉक पाडायचे आणि प्रत्येक ब्लॉकमध्ये सगळे उपचार करून बघायचे. जमिनीतला फरक मग उपचाराच्या माथी येत नाही. मी शेताच्या जागी गोणी ठेवली. उन्हाळी कांदा एक ब्लॉक, लाल कांदा दुसरा. प्रत्येकात कच्चा आणि परतलेला, प्रत्येकी दोनदा. एकूण आठ स्टीलच्या वाट्या, प्रत्येकीत ६० ग्रॅम कच्चा कांदा किंवा तेवढाच परतून उरलेला. लहान वाट्या घेतल्या त्या चिजाच्या खर्चापायी, दुसरं काही तत्त्व नाही. ओटीजीचा मागचा भाग जास्त तापतो, म्हणून कुठली वाटी कुठे हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं. रूममेट म्हणाली, वेडी आहेस.

लाल कच्च्या कांद्याच्या वाट्यांतून ११ आणि ९ ग्रॅम पाणी निघालं. उन्हाळी कच्च्यातून ४ आणि ५. परतलेल्या चारही वाट्यांत एक ग्रॅमच्या वर काही नाही, कांदा कुठलाही असो.

हे नीट बघा. 'परतल्याने किती फरक पडतो?' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. लाल कांद्यात तो फरक खूप मोठा, उन्हाळीत त्याच्या निम्म्याच्या आसपास. एका चलाचा परिणाम दुसऱ्या चलावर अवलंबून असतो, त्याला आंतरक्रिया म्हणतात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम चांगला आहे, पण तेवढ्यावर थांबलात तर आंतरक्रिया कधीच दिसत नाही. वहिनीची रेसिपीही चूक नव्हती, माझीही नव्हती.

पण जास्त दावा करू नका, मीही करत नाही. प्रत्येकी दोनच वाट्या होत्या. शिवाय माझ्या दोन गोण्यांमध्ये हंगाम, जात आणि साठवण तिन्ही वेगळं होतं. त्यामुळे नवा लाल कांदा जास्त पाणी सोडतो इतकंच मी म्हणू शकते. ते जातीमुळे की न सुकवल्यामुळे, हे या आठ वाट्या सांगणार नाहीत.

ओव्हनबद्दल एक सूचना. कळीवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, उपकरणाचं अंशांकन करा. थर्मामीटर नसेल तर साखर चालते. ती साधारण १८६ अंशांना वितळते. चमचाभर साखर १७५ वर पंधरा मिनिटं ठेवली तर तशीच राहायला हवी, १९० वर वितळायला हवी. ढोबळ आहे, पण आमच्या ओटीजीची कळ वीस अंश खोटं बोलते हे त्यातूनच कळलं. आणि संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा करू नका. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, २३० चं १८० झालं की कॉइलला जेमतेम ६१ टक्के ताकद उरते.

आता माझी सध्याची कृती. अर्धा किलो कांदा उभा चिरा (आडवा चिरला की जास्त विरघळतो), चमचाभर तेल आणि थोडं लोणी घालून मध्यम आचेवर वीस-पंचवीस मिनिटं परता. रंग बदलला पाहिजे आणि वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास आलं पाहिजे. घाईत सोडा घालू नका. रंग लवकर येतो, पण कांद्याचा लगदा होतो. वेगळ्या भांड्यात २० ग्रॅम लोण्यावर २० ग्रॅम मैदा दोन मिनिटं भाजा, मग २५० मिली दूध थोडं थोडं घाला. मैद्याच्या कणांना आधी लोणी लागलं की गुठळ्या होत नाहीत. मीठ, मिरपूड, कांदा एकत्र करा. वर ८० ग्रॅम चीज किसून घाला, मोझरेला आणि साधं प्रोसेस्ड मिळून. पनीर नको, ते लिंबाने फाडलेलं असतं, तापवलं तरी वितळत नाही. टोस्टाचा चुरा भुरभुरवा आणि १९० अंशांवर वीस मिनिटं ठेवा.

काढल्यावर दहा मिनिटं हात लावू नका, सॉस तेवढ्यात धरतो. संक्रांतीला घरी केली तेव्हा बाबांनी ती ज्वारीच्या भाकरीबरोबर खाल्ली, आणि अर्धी संपल्यावर ठेचा मागितला.