लघुपिस्तूल

अंगावरील वस्त्राआड किंवा खिशात, पाहणाऱ्याच्या लक्षात येणार नाही अशा रीतीने बाळगता येईल एवढे लहान पिस्तूल. स्वसंरक्षण हा त्याचा मुख्य उपयोग होय. सैनिकी पिस्तुलाच्या मानाने त्याची नळी आखूड, मूठ लहान आणि वजन कमी असते. ते सहज लपते या एकाच गुणासाठी अचूकता, काडतुसांची संख्या, हाताळण्यातील सुलभता व काही अंशी विश्वसनीयता यांत घट सोसावी लागते. ही घट कोठपर्यंत सोसावयाची, हाच लघुपिस्तुलाच्या निवडीतील खरा प्रश्न असतो. किंमत हा त्याचा केवळ एक भाग आहे.

इतिहास : एकोणिसाव्या शतकात फिलाडेल्फिया येथील हेन्री डेरिंजर (१७८६–१८६८) याने तयार केलेली तळहातात मावणारी एकबारी पिस्तुले अमेरिकेत प्रसिद्धीस आली. १४ एप्रिल १८६५ रोजी अध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्यावर अशाच पिस्तुलातून गोळी झाडण्यात आली. पुढे अशा सर्वच छोट्या पिस्तुलांना ‘डेरिंजर’ हे नाव रूढ झाले.

स्वयंभरणी लघुपिस्तुलाचा पाया अमेरिकन अभिकल्पक जॉन ब्राउनिंग (१८५५–१९२६) याने घातला. त्याच्या अभिकल्पानुसार बेल्जियममधील एफएन कारखान्याने १९०० च्या सुमारास ७·६५ मिमी. (.३२) व १९०६ च्या सुमारास ६·३५ मिमी. (.२५) व्यासाची पिस्तुले काढली. यांपैकी दुसरे सु. ११ सेंमी. लांबीचे असून ते जाकिटाच्या खिशात मावत असे. जर्मनीतील वाल्टर कंपनीने १९२९ मध्ये ‘पीपी’ व त्यानंतर लवकरच त्याहून लहान ‘पीपीके’ हे नमुने आणले. त्यांत केवळ चाप ओढून घोडा मागे नेण्याची व सोडण्याची सोय होती. त्यामुळे घोडा उतरवलेल्या स्थितीत भरलेले पिस्तूल बाळगणे अधिक सुरक्षित झाले.

ऑस्ट्रियातील ग्लॉक कंपनीने १९८२ मध्ये बहुवारिक (पॉलिमर) सांगाड्याचे पिस्तूल काढले व वजनाचा प्रश्न बराच सोपा केला. अमेरिकेत १९९४ ते २००४ या काळात नव्या मॅगझिनमध्ये दहापेक्षा अधिक काडतुसे असण्यास संघीय कायद्याने बंदी होती. मोठ्या पिस्तुलाचा अधिक काडतुसांचा लाभ अशा रीतीने नाहीसा झाल्याने लहान पिस्तुलांकडे ओढा वाढला. २०१८ मध्ये आलेल्या ‘सिग पी ३६५’ या नमुन्यात सु. ५०० ग्रॅ. वजनात ९ मिमी. व्यासाची दहा काडतुसे मॅगझिनमध्ये सामावली. त्यानंतर अनेक कंपन्यांनी त्याच आकारमानाचे नमुने बाजारात आणले.

ज्या गुणामुळे हे शस्त्र संरक्षणास सोयीचे ठरते, त्याच गुणामुळे ते घातकासही सोयीचे ठरते. १९१४ मध्ये सारायेव्हो येथे ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या ब्राउनिंगच्या अभिकल्पाच्या लहान पिस्तुलाने झाली. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्ली येथे महात्मा गांधींची हत्या इटालियन बनावटीच्या १९३४ नमुन्याच्या बेरेटा लघुपिस्तुलाने करण्यात आली.

रचना व कार्य : पिस्तुलाचे सांगाडा, नळी, वरची सरकणारी पेटी (स्लाइड) आणि मुठीत बसणारे मॅगझिन असे मुख्य भाग असतात. गोळी सुटताच स्लाइड मागे सरकते, रिकामे टरफल बाहेर फेकते व स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना नवे काडतूस नळीत सारते. दुबळ्या काडतुसांसाठी स्लाइडचे वजन व स्प्रिंगचा ताण एवढेच पुरते. ९ मिमी. पॅराबेलमसारख्या जोरदार काडतुसासाठी मात्र दाब उतरेपर्यंत नळी व स्लाइड क्षणभर एकमेकींत अडकवून ठेवावी लागतात.

पिस्तूल लहान केल्यावर स्लाइड हलकी होते व तिला सरकण्यास अंतरही थोडे मिळते. साहजिकच स्प्रिंग अधिक ताठ करावी लागते व सर्व हालचाली अल्पावकाशात घडतात. परिणामी पकड सैल असणे, मॅगझिनची स्प्रिंग दुबळी होणे, खिशातील सुताचे कण आत जाणे किंवा गोळीच्या टोकाचा आकार वेगळा असणे अशा क्षुल्लक कारणांनीही काडतूस अडकू शकते. शिवाय वजन कमी असल्याने तेच काडतूस हाताला अधिक धक्का देते आणि पुढच्या व मागच्या माशीतील अंतर घटल्याने नेमबाजीतील लहानशी चूकही मोठी ठरते.

निवडीचे निकष : पहिला निकष विश्वसनीयतेचा होय. तिची कसोटी कशी घेता येते, याचे उत्तम उदाहरण अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या कायद्यात आढळते. २००१ पासून अमलात आलेल्या या कायद्यानुसार एका नमुन्याच्या तीन पिस्तुलांतून प्रत्येकी ६०० गोळ्या झाडून पाहतात. पहिल्या वीस गोळ्यांत एकही बिघाड होता कामा नये व एकूण बिघाड सहापेक्षा अधिक नसावेत. यांशिवाय भरलेल्या स्थितीतील पिस्तूल सु. एक मीटर उंचीवरून काँक्रीटवर निरनिराळ्या बाजूंनी पाडतात. त्यातून गोळी सुटू नये अशी अट असते. व्यक्तीने घेतलेल्या पिस्तुलाचीही अशीच, पण लहान प्रमाणावर, परीक्षा आवश्यक ठरते. जी काडतुसे प्रत्यक्ष बाळगावयाची, त्याच जातीची काडतुसे पुरेशा संख्येने झाडून पाहिल्याविना ते पिस्तूल भरवशाचे मानता येत नाही. एखादा नमुना नावाजलेला असला, तरी त्यातील प्रत्येक नग निर्दोष असतोच असे नाही.

दुसरा निकष आकारमान व काडतूस यांच्या मेळाचा आहे. सर्वसाधारणपणे .२५ व .३२ ही काडतुसे सौम्य, .३८० मध्यम व ९ मिमी. पॅराबेलम जोरदार मानतात. सु. २७० ग्रॅ. वजनाचे .३८० पिस्तूल खिशात सहज मावते, पण सरावाच्या वेळी हाताला जाचते. सु. ६०० ग्रॅ. वजनाचे ९ मिमी. पिस्तूल झाडण्यास सुखावह असते, पण त्याला कमरपट्टा व सैल वस्त्र यांची गरज लागते. वस्त्राखालून उठून दिसते ती बहुधा नळी नसून मूठ असते. म्हणून आखूड नळीपेक्षा आखूड मूठ लपविण्यास अधिक उपयोगी पडते. मात्र करंगळीला आधार न उरल्याने पकड कमजोर होते. ज्यांच्या हातात ताठ स्प्रिंगची स्लाइड ओढण्याइतका जोर नाही, त्यांना लहान पाचबारी रिव्हॉल्व्हर अधिक सोयीचे पडते.

तिसरा निकष सुरक्षिततेचा होय. चाप पूर्ण ओढल्याखेरीज फायरिंग पिन पुढे जाऊ नये अशी आतील अडणी आधुनिक पिस्तुलांत असते. बाहेरची सेफ्टी कळ काही नमुन्यांत असते, काहींत नसते. कळ नसलेले पिस्तूल चाप पूर्णपणे झाकणाऱ्या ताठ म्यानाविना (होल्स्टर) बाळगणे धोक्याचे असते. खिशातील किल्ली किंवा सदऱ्याची कड चापात अडकूनही गोळी सुटू शकते.

किंमत : स्वस्त पिस्तूल आणि परवडणारे पिस्तूल यांत फरक आहे. मार्टिन ल्यूथर किंग व रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांनंतर अमेरिकेत १९६८ चा शस्त्रनियंत्रण कायदा झाला व त्यान्वये लहान परदेशी पिस्तुलांच्या आयातीवर निर्बंध आले. देशी उत्पादनास ते लागू नव्हते. त्यामुळे जस्ताच्या मिश्रधातूपासून ओतलेली अत्यंत स्वस्त देशी पिस्तुले बाजारात वाढली. त्यांतील अनेक अल्पायुषी व खाली पडल्यास धोकादायक होती. आधुनिक बहुवारिक पिस्तुलांमुळे ही स्थिती पालटली असून साध्या सजावटीची, पण पोलादी नळी व स्लाइड असलेली पिस्तुले माफक किमतीत मिळू लागली आहेत. महाग व माफक पिस्तुलांतील फरक बहुधा चापाची मृदुता, माशी, पृष्ठभागाचे संस्करण व सुट्या भागांची उपलब्धता यांत असतो. तथापि पिस्तुलाची किंमत म्हणजे एकूण खर्च नव्हे. म्यान, किमान एक जादा मॅगझिन, कुलपाची पेटी आणि सरावाची काडतुसे यांचा खर्च धरला, तर महाग पिस्तूल घेऊन सराव टाळण्यापेक्षा माफक पिस्तूल घेऊन उरलेली रक्कम सरावावर खर्च करणे अधिक शहाणपणाचे ठरते.

कायदा : अमेरिकेत शस्त्र लपवून बाळगण्याचे नियम राज्यागणिक भिन्न आहेत. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्क राज्यासंबंधीच्या खटल्यात घराबाहेर स्वसंरक्षणार्थ पिस्तूल बाळगण्याचा नागरिकाचा हक्क मान्य केला. २०२४ अखेर २९ राज्यांत त्यासाठी परवान्याची अट उरली नव्हती.

भारतात स्थिती निराळी आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवान्याविना अग्निशस्त्र बाळगणे हा गुन्हा असून २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळील शस्त्रांची मर्यादा सामान्यतः तीनवरून दोनवर आणली. २०१६ च्या नियमांत सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे. ९ मिमी. पॅराबेलमसारखे सैनिकी बोअर खाजगी व्यक्तीस सर्वसाधारणपणे वर्ज्य असल्याने निवड मुख्यतः .३२ बोअरपुरती सीमित राहते. २०१४ मध्ये कानपूर येथील सरकारी कारखान्याने सु. ५०० ग्रॅ. वजनाचे ‘निर्भीक’ हे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर स्त्रियांच्या संरक्षणासाठी म्हणून काढले. त्या वेळी त्याची किंमत सव्वा लाख रुपयांच्या आसपास होती. ही रक्कम सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची असल्याची टीका तेव्हा झाली.

धोके व जबाबदारी : अमेरिकेत बंदुकीच्या गोळीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू आत्महत्येचे असतात, लहान मुलांच्या हाती भरलेले पिस्तूल लागून होणारे अपघातही तेथे वारंवार घडतात. म्हणजेच घरातील शस्त्राचा धोका बाहेरच्या आक्रमकापेक्षा घरच्याच माणसांना संभवतो. यास्तव प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे समजणे, लक्ष्य निश्चित होईपर्यंत बोट चापापासून दूर ठेवणे, ज्याचा नाश करावयाचा नाही त्याकडे नळी न रोखणे आणि वापर नसताना शस्त्र व काडतुसे वेगवेगळी कुलूपबंद ठेवणे, हे नियम निवडीच्या कोणत्याही निकषाहून अधिक महत्त्वाचे मानतात. हे नियम पाळणे ज्यास शक्य नाही, त्याच्या दृष्टीने कोणतेही लघुपिस्तूल, मग ते कितीही उत्तम असो, योग्य ठरत नाही.