पत्त्यांसह छापलेली पत्रे : अमेरिकेतील विज्ञानकथा मासिके आणि त्यांचे चाहते

एप्रिल 1926 ही तारीख घेऊन ‘अमेझिंग स्टोरीज’ हे केवळ विज्ञानकथांना वाहिलेले पहिले इंग्रजी मासिक न्यूयॉर्कमध्ये बाहेर पडले, तेव्हा त्यातील मजकुरात नवे असे फारसे नव्हते. ज्यूल व्हर्न, एच. जी. वेल्स आणि एडगर ॲलन पो यांसारख्या लेखकांच्या, पूर्वीच प्रसिद्ध झालेल्या कथाच त्यात पुन्हा छापल्या होत्या. प्रकाशक ह्यूगो गर्न्सबॅक हे मूळचे लक्झेंबर्गचे. 1904मध्ये अमेरिकेत आल्यावर त्यांनी विजेची आणि बिनतारी संदेशवहनाची उपकरणे हौशी मंडळींना टपालाने विकण्याचा व्यवसाय केला आणि 1908पासून ‘मॉडर्न इलेक्ट्रिक्स’ हे तांत्रिक मासिक चालवले. घरी यंत्रे जुळवणारा आणि शंका आली की पत्र लिहिणारा वाचक त्यांच्या परिचयाचा होता, आणि त्यांच्या कथामासिकाचा पुढचा इतिहास याच वाचकाने घडवला.

जानेवारी 1927पासून मासिकात वाचकांच्या पत्रांचे सदर सुरू झाले आणि पत्रलेखकाच्या नावाखाली त्याचा पूर्ण पत्ता छापला जाऊ लागला. साहित्येतिहासकार सहसा लेखक आणि संपादक यांच्याकडे पाहतात. परंतु या प्रकाराच्या बाबतीत पत्ते छापण्याच्या त्या निर्णयाला कोणत्याही एका कथेपेक्षा अधिक महत्त्व द्यावे लागते. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त, खरखरीत कागदावर निघणारी ‘पल्प’ मासिके तेव्हा पुष्कळ होती आणि त्यांपैकी अनेकांत वाचकांची पत्रेही येत. मात्र गावात एकट्यानेच हे साहित्य वाचणाऱ्या, बहुधा शाळकरी वयाच्या मुलांना आपल्यासारखाच दुसरा वाचक नेमका कोठे राहतो हे येथे कळले, आणि संपादकाला वगळून ते परस्परांशी लिहू लागले.

या पत्रव्यवहारातून मंडळे निघाली आणि मंडळांतून ‘फॅनझिन’, म्हणजे चाहत्यांनी स्वखर्चाने काढलेली अव्यावसायिक नियतकालिके. मे 1930मध्ये रेमंड पामर यांच्या संपादनाखाली निघालेले ‘द कॉमेट’ हे त्यांतील पहिले मानले जाते. पुढील अनेक फॅनझिन सायक्लोस्टाईल यंत्रावर किंवा हेक्टोग्राफवर निघत. हेक्टोग्राफ म्हणजे जिलेटिनचा थर दिलेले तबक. विशिष्ट शाईने लिहिलेला कागद त्यावर दाबला की शाई थरात उतरे आणि त्यावरून काही डझन फिकट जांभळ्या प्रती निघत. क्लीव्हलंड शहरातील जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन मुलांनी अशाच एका पत्रिकेत जानेवारी 1933मध्ये एका अतिमानवाची कथा छापली. त्याच नावाचा, परंतु पूर्णपणे पालटलेला त्यांचा नायक ‘सुपरमॅन’ 1938मध्ये जगासमोर आला. 1933मध्येच चार्ल्स हॉर्निग या 17 वर्षांच्या मुलाची पत्रिका पाहून गर्न्सबॅक यांनी त्याला आपल्या ‘वंडर स्टोरीज’ या मासिकाचे संपादकपद दिले, आणि पामर 1938मध्ये ‘अमेझिंग’चेच संपादक झाले. वाचकाला लेखक आणि संपादक होण्याची वाट इतकी मोकळी ठेवणारा दुसरा साहित्यप्रकार त्या काळात सापडणे कठीण आहे.

ही वाट निर्वेध मात्र नव्हती. 1934मध्ये गर्न्सबॅक यांनी ‘सायन्स फिक्शन लीग’ स्थापून विखुरलेल्या मंडळांना मासिकाच्या छत्राखाली शाखांचे रूप दिले, त्यामागे खप टिकवण्याचा हेतूही होता. परंतु लेखकांचे मानधन थकवण्याची त्यांची रीत कुप्रसिद्ध होती. डोनाल्ड वॉलहाइम या तरुण चाहत्याने आपल्या कथेच्या पैशांसाठी इतर लेखकांना एकत्र करून कायदेशीर मार्ग धरला आणि तडजोडीने पैसे मिळवले, तेव्हा लीगने 1935मध्ये त्याला बडतर्फ केले. प्रकाशकाने उभारलेल्या संघटनेत वाचकाला कोठवर स्वातंत्र्य आहे, हे यातून उघड झाले, आणि त्यानंतर न्यूयॉर्कच्या चाहत्यांनी स्वतःच्याच संघटना उभारल्या. त्यांपैकी ‘फ्यूचरियन्स’ हा वॉलहाइम, फ्रेडरिक पोल आणि सिरिल कॉर्नब्लुथ यांचा, डाव्या विचारांकडे झुकलेला गट सर्वांत कर्तबगार ठरला.

जुलै 1939मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनाचे निमित्त साधून चाहत्यांनी पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन भरवले. उपस्थिती सुमारे 200 होती. फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस हे डग्लस यांनी शिवलेले भविष्यकालीन पोशाख घालून आले आणि संमेलनांतील वेशभूषेची परंपरा तेथून सुरू झाली. परंतु राजकीय पत्रके वाटली जातील या भीतीने संयोजकांनी वॉलहाइम, पोल आणि कॉर्नब्लुथ यांच्यासह 6 जणांना दारातूनच परत पाठवले. ज्या समाजाची उभारणीच एकाकी वाचकाला सोबती मिळवून देण्यासाठी झाली होती, त्याने पहिल्याच मेळाव्यात आपल्यातील काहींना बाहेर ठेवावे, ही गोष्ट खेदाची आहे. काही महिन्यांतच पोल हे वयाच्या विशीत दोन व्यावसायिक मासिकांचे संपादन करू लागले आणि पुढे वॉलहाइम अमेरिकेतील प्रमुख विज्ञानकथा प्रकाशकांपैकी एक झाले.

याच सुमारास ‘अस्टाउंडिंग’ मासिकाचे संपादक जॉन कॅम्बेल यांनी कथेतील विज्ञान आणि माणसांचे वर्तन यांबाबत कठोर अपेक्षा ठेवून ऐझॅक ॲसिमॉव्ह, रॉबर्ट हाइनलाइन यांसारखे लेखक घडवले. हा भाग सर्वपरिचित आहे. त्यामानाने कमी सांगितली जाते ती गोष्ट अशी की, ॲसिमॉव्ह यांचे नाव तेथील वाचकांना प्रथम कथांतून नव्हे, तर पत्रांच्या सदरातून कळले होते.

1957मध्ये ‘अमेरिकन न्यूज कंपनी’ ही देशातील सर्वांत मोठी मासिक-वितरण संस्था बंद पडली, आणि खिशात मावणाऱ्या स्वस्त पुस्तकांच्या स्पर्धेने आधीच खिळखिळी झालेली अनेक मासिके त्या धक्क्याने संपली. चाहत्यांची संमेलने मात्र चालू राहिली, कारण ती प्रकाशकांच्या पैशावर अवलंबून नव्हती. 1953मध्ये सुरू झालेले ‘ह्यूगो’ पुरस्कार आजही संमेलनाच्या सदस्यांच्या मतांनी ठरतात, त्यांत चाहत्यांच्या लेखनासाठी स्वतंत्र विभाग आहेत, आणि 1939मध्ये दारातून परत गेलेल्या पोल यांना 2010मध्ये, वयाच्या 90व्या वर्षी, त्यांपैकीच एका विभागातला पुरस्कार मिळाला.

1930च्या दशकातील या चाहत्यांचा पहिला सविस्तर इतिहास सॅम मॉस्कोविट्झ यांनी लिहिला आणि तो 1954मध्ये पुस्तकरूपाने आला. परंतु ते स्वतः 1939च्या संमेलनाचे अध्यक्ष आणि त्या वादातील एक पक्ष असल्याने तो डेमन नाइट यांच्या 1977च्या ‘द फ्यूचरियन्स’ या पुस्तकासोबतच वाचावा लागतो. दोघांचीही पडताळणी करण्याचे साधन म्हणजे मूळ फॅनझिन. मोजक्याच प्रतींत निघालेल्या आणि लवकर फिकट होणाऱ्या या पत्रिका आयोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयाने हेवलिन संग्रहात जतन केल्या असून 2014मध्ये त्यांचे अंकीकरण हाती घेतले.