पेठ ते लासलगाव : चूल बरोबर घेऊन

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो आणि यात्रांचे दिवस सुरू होतात. सूर्यास्तापूर्वीचे भोजन व उकळलेले पाणी यांची प्रवासात होणारी ओढाताण आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. स्वयंपाकाची व निजण्याची सोय असलेली कॅराव्हॅन ही अडचण दूर करते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये तिच्यासाठी पर्यटन धोरणही आखले आहे.

या वाहनाने पेठहून पूर्वेकडे निघावे. पेठ हा डोंगराळ, भरपूर पावसाचा तालुका. येथे भात, नागली व वरई पिकते. नाशिकला म्हसरूळ येथे गजपंथा सिद्धक्षेत्राचे दर्शन घ्यावे. पुढे निफाडची सपाट, काळी जमीन लागते. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा व कांद्याची शेते दिसतात, आणि वाट लासलगावच्या प्रसिद्ध बाजारात पोहोचते.

कांदा आपल्या चुलीवर चढत नाही. तरी त्याच्या व्यापारात आपली कुटुंबे आहेत. दुकानात वाढणाऱ्या मुलांना भाव ठाऊक असतो, शेत ठाऊक नसते. नागली घरात साठवता येते. खरिपाचा लाल कांदा मात्र टिकत नाही. शेतकऱ्याला तो मिळेल त्या भावाने विकावा लागतो. अशा वेळी त्याचा भरवसा व्यापाऱ्याच्या काट्यावर असतो. खोटे माप हा अचौर्य अणुव्रताचा अतिचार का मानला आहे, हे मुलांना त्या बाजारात उभे करून सांगावे.