सीटखालची जागा रिकामी करताना

बुलेट किंवा क्लासिक 350 'कॅफे रेसर' किंवा 'स्क्रॅम्बलर' करायला घेतली की सगळ्यात आधी नजर जाते ती इंजिनामागच्या त्रिकोणी जागेवर. बाजूच्या पेट्या, बॅटरी, एअर फिल्टरचा डबा, रिले, फ्यूज, फ्लॅशर हे सगळे तिथून हलवले की फ्रेममधून आरपार दिसते आणि गाडी अंगाने हलकी वाटू लागते. पण या पेट्या शोभेच्या नसतात. धूळ, पाणी, उष्णता आणि हादरे यांपासून प्रत्येक भागाला तिथे आडोसा मिळालेला असतो. भाग हलवला की तो आडोसा नव्या जागी पुन्हा करून द्यावा लागतो. कापणे-जोडणे कुठल्याही वेल्डिंगच्या दुकानात होते. कस लागतो तो या आडोशाचा.

यवतमाळ जिल्ह्यात हा कस जरा जास्तच लागतो. मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो. कापसाच्या हंगामात जिनिंग-प्रेसिंगच्या परिसरात हवेत बारीक तंतू तरंगतात, वणीकडच्या रस्त्यांवर कोळशाची भुकटी उडते, आणि पावसाळ्यात शिवाररस्त्यांवरची काळी माती टायरला धरून मडगार्डमध्ये गच्च बसते. मागचे मडगार्ड आखूड करणे ही तर मॉडिफिकेशनची जवळपास ठरलेली पहिली पायरी. ते कापले की हा चिखल थेट सीटखाली उडतो, म्हणजे नेमका तिथेच जिथे नव्याने बसवलेले वायरिंग असते.

वायरिंग उघडण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह बाजू सोडायची, प्रत्येक कपलरचा फोटो काढायचा आणि त्यावर टेपची चिठ्ठी लावायची. मग सीटच्या कुबडाखाली किंवा स्विंगआर्मच्या वर पत्र्याचा ट्रे बसवून बॅटरी तिथे न्यायची, ही रूढ पद्धत. पाण्याची जुनी बॅटरी उभीच ठेवावी लागते आणि तिची बारीक नळी खाली मोकळी सोडावी लागते, कारण चार्जिंगच्या वेळी तिच्यातून निघणारा आम्लाचा वाफारा फ्रेमचा रंग आणि चेन दोन्ही खातो. सीलबंद बॅटरी आडवी चालते, उलटी नाही. लिथियमची बॅटरी वजनाला निम्म्याहून कमी, म्हणून तिचा मोह होतो; पण रेक्टिफायर व्होल्टेज नीट आवरत नसेल तर ती लवकर बाद होते. उष्णता मात्र कुठल्याच बॅटरीला मानवत नाही. शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य दर दहा अंश वाढीला सुमारे निम्मे होते, असा ढोबळ हिशेब आहे. तेव्हा सायलेन्सरच्या अंगाला लागून केलेला ट्रे कितीही झकास दिसला तरी चुकीचाच.

सर्वांत जास्त घोळ होतो तो रेक्टिफायरच्या बाबतीत. अल्टरनेटरची एसी वीज डीसी करून व्होल्टेज साधारण 14 ते 14.5 च्या आसपास रोखणे हे त्याचे काम. बऱ्याच गाड्यांत तो जादा वीज उष्णतेच्या रूपात बाहेर टाकतो. अंगावरच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या त्याचसाठी असतात. त्याला बॅटरीसोबत बंद ट्रेमध्ये कोंबले की जानेवारीत काही कळत नाही, मे महिन्यात तो जळतो आणि जाताना कधी कधी बॅटरीही घेऊन जातो. त्याची जागा वाऱ्यात हवी: फ्रेमच्या पुढच्या नळीवर किंवा इंजिनाखालच्या पट्टीवर, पण पुढच्या चाकाचा चिखल बसणार नाही अशी. पट्ट्यांमध्ये माती भरली तर वारा असून उपयोग नाही.

बॅटरी मागे सरकली की स्टार्टरची जाड केबल लांबते. इथे काटकसर अंगाशी येते. स्टार्टर क्षणभर 100 अँपिअरच्या घरात वीज ओढतो असे धरले, तर 4 चौरस मिलिमीटरच्या एक मीटर तांब्याच्या केबलमध्ये जवळपास अर्धा व्होल्ट वाटेतच संपतो; 10 चौरस मिलिमीटरची केबल घातली तर नुकसान पाव व्होल्टच्याही आत राहते. मुख्य फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात हवा, कारण फ्यूजच्या अलीकडची वायर फ्रेमला घासली तर तिला वाचवणारे काहीच नसते. अर्थिंगचा बोल्ट पावडर कोटिंगवर आवळून चालत नाही. तेवढी जागा घासून धातू उघडा करायचा, आवळून झाल्यावर ग्रीस लावायचे. वायर पिळून वर काळी टेप गुंडाळण्याची सवय सार्वत्रिक आहे. उन्हात त्या टेपचा डिंक पाझरतो, टेप सुटते आणि मग इंडिकेटर लावला की हॉर्न दबतो, असले विनोद सुरू होतात. क्रिम्प केलेला जोड आणि त्यावर श्रिंक स्लीव्ह हाच उपाय. फ्रेमच्या भोकातून वायर नेताना रबरी ग्रॉमेट लागतो; आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून वायर ताणली जात नाही ना, हे पाहिल्याशिवाय केबल टाय आवळायचे नसतात.

1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांत आणखी एक पेच आहे. गाडी आडवी पडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर मूळ कलानेच बसवावा लागतो. तो तिरका लागला तर गाडी सरळ उभी असूनही ईसीयूला ती पडलेली वाटते आणि इंजिन काही केल्या सुरू होत नाही.

क्रँककेसमधला दाब बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरकडे बहुतेकांचे लक्ष शेवटी जाते. जुन्या 350 च्या इंजिनात (कास्ट आयर्न आणि यूसीई) सिलिंडरचा व्यास 70 आणि स्ट्रोक 90 मिलिमीटर, म्हणजे पिस्टन खाली येताना सुमारे 346 घनसेंटिमीटर हवा क्रँककेसमध्ये दाबली जाते. 3000 आरपीएमला हे सेकंदाला 50 वेळा घडते. हा दाब बाहेर गेला नाही तर तेल सीलमधून वाट काढते. कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेटला यासाठी बदकाच्या चोचीसारखी एकदिशा रबरी झडप होती. पुढच्या यूसीई (युनिट कन्स्ट्रक्शन) इंजिनात ब्रीदरची नळी एअर फिल्टरच्या डब्याला जोडलेली असते, जेणेकरून तेलकट वाफ पुन्हा इंजिनातच जळावी. डबा काढला की ही नळी पोरकी होते. तिच्या टोकाला अंगठ्याएवढा शंकूच्या आकाराचा फिल्टर क्लॅम्पने बसवणे ही प्रचलित सोय. नळी इंजिनापासून सतत चढती जायला हवी, म्हणजे थंड झालेले तेल परत खाली उतरते. मध्ये झोळ पडला तर तिथे तेल-पाण्याचे पांढुरके मिश्रण साचते, आणि हिवाळ्यात गावातल्या गावात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाड्यांत ते हमखास दिसते. फिल्टर टाकीखाली उंचावर असावा. मागच्या टायरच्या वर असेल तर तेलाचा थेंब रबरावर पडतो, आणि हा धोका चिखलापेक्षा मोठा. मध्ये तेल साठवणारी छोटी डबी, म्हणजे कॅच कॅन, घातली तर बरे. ती वेळोवेळी रिकामी करायची. बीएस-4 पासून टाकीच्या वाफेसाठी कोळशाचा कॅनिस्टर येतो, त्याची नळी चुकून बुजवली तर टाकीत पोकळी निर्माण होऊन पेट्रोल उतरायचे थांबते.

कार्ब्युरेटरला थेट लावलेल्या कोन फिल्टरमुळे हवा वाढते आणि मिश्रण पातळ होते. प्लग काढून पाहिला तर पोर्सेलिन पांढरे दिसते. मग मेन जेट एकेक नंबरने वाढवत ते फिकट तपकिरी रंगावर आणावे लागते. बाहेरून जाळीचे कापडी कव्हर घातले तर कापसाचे तंतू त्यावरच अडतात. झटकून टाकायला ते सोपे, फिल्टर धुण्यापेक्षा पुष्कळच.

कायद्याची बाजू सोयीने विसरली जाते. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच पुन्हा बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ प्रमाणे प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. बॅटरीचा ट्रे सरकवण्याला कोणी फारसे हरकत घेत नाही. क्रँककेसची वाफ उघड्यावर सोडणे मात्र उत्सर्जनाच्या निकषांत बसत नाही. पंधरा वर्षांनी एमएच-29 ची, म्हणजे यवतमाळ पासिंगची, गाडी पुन्हा पासिंगला न्यायची वेळ येते, तेव्हा मूळ डबा, नळ्या आणि ब्रॅकेट लागतात, म्हणून ते भंगारात देऊ नयेत.

जोडणी झाल्यावर मल्टिमीटरने इंजिन बंद असताना, आयडलवर आणि हेडलाइट लावून रेज दिल्यावर असे तिन्ही वेळा बॅटरीचे व्होल्टेज पाहतात. त्यानंतर साध्या नळाने मागच्या चाकाच्या दिशेने पाणी मारून लगेच स्टार्ट, आणि तासभराच्या खडबडीत फेरीनंतर प्रत्येक बोल्ट पुन्हा आवळणे. पहिल्या हजार किलोमीटरमध्ये ट्रेचे रबरी बुश बसतात, तेव्हा बॅटरीचा पट्टा एकदा नव्याने ओढावा लागतो.