माटोळीचा धडा

गोमंतकीय स्वयंपाकघरातील वस्तूंना अलीकडे बरे दिवस आले आहेत, असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. ज्यावर पिढ्यान्‌पिढ्या हुमणाचे वाटण वाटले गेले, तो रगडा आता बंगल्याच्या बागेत शोभेसाठी बसला आहे. तांब्याच्या हंड्यांत दिवाणखान्यातील झाडे वाढत आहेत. करवंटीच्या दवल्या हॉटेलांच्या भिंतींवर ओळीने टांगल्या आहेत. प्रदेशाच्या पाकपरंपरेने गृहसजावटीला प्रेरणा द्यावी, याला आमचा विरोध नाही. मोडीत जाणारी वस्तू कोणत्याही निमित्ताने वाचली, तर ते इष्टच होय. परंतु वस्तू वाचली म्हणजे संस्कृती वाचली, हा जो समज त्यातून रूढ होऊ पाहत आहे, तो मात्र तपासून घेतला पाहिजे.

आमच्या घरांत सजावट आणि स्वयंपाक यांची फारकत कधी नव्हतीच. चवथीला गणपतीच्या वर बांधली जाणारी माटोळी हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण. लाकडी चौकटीला नारळ, सुपारीचे घोस, चिबूड, तवशी, भोपळे आणि कवंडळांसारखी रानफळे टांगली की घराचे छत म्हणजे त्या ऋतूतील कुळागराची, शेताची व रानाची जंत्रीच बनते. हंगामाच्या भाज्या त्याच दिवसांत तिरफळाचा सुगंध लेवून खतखत्यात शिजतात. डोळ्यांना जे सुखावते, त्याचेच भावंड पानात येते.

कावी चित्रांचेही तेच. मोरजीच्या मोरजाई देवळासारख्या ठिकाणी आढळणारी ही कला विदेशी रंगांवर पोसलेली नाही. शिंपल्या भाजून केलेला चुना, त्यात गूळ, वर तांबडा गिलावा. तो कोरला की आतली शुभ्रता उमलते. ज्या समुद्राने ताटात तिसरे दिले, त्यानेच भिंतीलाही चुना पुरविला.

तेव्हा प्रश्न जुन्या वस्तू कोठे मांडाव्यात हा नसून नव्या वस्तू कोण घडविणार, हा आहे. जुने कुंडले काचेच्या कपाटात ठेवणाऱ्याने डिचोलीच्या कुंभाराकडून नवे कुंडले घेतले नाही, तर त्याच्या चाकाची गती थांबेल. मग पुढच्या पिढीला कपाटात ठेवायलाही काही उरणार नाही. शेते पडीक पडली आणि डोंगर पोखरले गेले, तर माटोळीला लागणारी रानफळे केवळ बाजारात विकत मिळतील, आणि कालांतराने तीही मिळणार नाहीत.

घर सजवू इच्छिणाऱ्यांनी म्हणूनच माटोळीकडे पाहावे. ती दरवर्षी उतरविली जाते आणि दरवर्षी नव्याने बांधावी लागते. तिला धूळ साचू देण्याची सवड नसते. जी शोभा वापरात राहते तीच टिकते. बाकीची केवळ आठवण असते, आणि आठवणींच्या विक्रीवर कोणताही समाज फार काळ जगत नाही.