हायब्रीड गाडीचे अ‍ॅव्हरेज : कागदावरचे आणि रस्त्यावरचे

गाडी घेताना आपला व्यापारी बंधू पहिला प्रश्न विचारतो तो अ‍ॅव्हरेजचा. "लिटरला किती देते?" याचे उत्तर मनासारखे मिळाले की सौदा पुढे सरकतो. पण तो आकडा कोणी मोजला आणि कसा मोजला, हे विचारणारे थोडेच. अमेरिकेत लिंकन एमकेझेड हायब्रीड या आलिशान गाडीच्या ग्राहकांना आलेला अनुभव यासाठीच समजून घेण्यासारखा आहे.

लिंकन हे फोर्ड कंपनीच्या महागड्या गाड्यांचे नाव. २०१३ च्या मॉडेलमध्ये पेट्रोल आणि हायब्रीड या दोन्ही गाड्यांची मूळ किंमत एकच ठेवली होती. हायब्रीडमध्ये दोन लिटरचे पेट्रोल इंजिन, जोडीला विजेची मोटार आणि बॅटरी. ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती बॅटरीत साठते आणि गर्दीत सरकताना इंजिन बंद ठेवून गाडी विजेवर चालते. काचेवरच्या सरकारी पट्टीवर आकडा होता गॅलनला ४५ मैल, म्हणजे लिटरला सुमारे १९ किलोमीटर. त्याच किमतीत एवढी बचत म्हटल्यावर गिऱ्हाईक खूश होणारच.

गाडी शांत चालते, बसायला आरामशीर आहे, अशी दाद अनेक मालकांनी दिली. मात्र पंपावरचा हिशेब मांडला तेव्हा ४५ चा आकडा अनेकांच्या हाती लागेना. याला काही कारणे वापराची असतात. हमरस्त्यावर वेग वाढला की इंजिन सतत चालते. कडक थंडीत हीटरसाठी ते चालू ठेवावे लागते. टायरमध्ये हवा कमी असली तरी इंधन जास्त जळते. पण इथे दोष एकट्या चालवणाऱ्याचा नव्हता.

अमेरिकेत अ‍ॅव्हरेजची चाचणी कंपनी स्वतःच करते आणि सरकारची पर्यावरण संरक्षण संस्था त्यावर देखरेख ठेवते. ही चाचणी रोलरवर होते. रस्त्यावर वारा आणि टायर गाडीला जेवढा अडसर करतात, तेवढा भार यंत्रात भरावा लागतो. फोर्डच्या हिशेबात हा भारच चुकला होता. काटा शून्यावर नसेल तर त्यावर केलेले प्रत्येक वजन चुकते, तसेच हे झाले. जून २०१४ मध्ये कंपनीने सहा मॉडेलांचे आकडे खाली आणले. अमेरिकेतील सुमारे दोन लाख गाड्या त्यात आल्या. सर्वांत मोठी घसरण एमकेझेड हायब्रीडची झाली : ४५ वरून थेट ३८, म्हणजे लिटरला सुमारे १६ किलोमीटर. वर्षाला २४,००० किलोमीटर फिरणाऱ्याला हा फरक सुमारे २३० लिटर पेट्रोलचा पडतो. गाडी विकत घेतलेल्यांना कंपनीने भरपाईपोटी १,०५० डॉलर देऊ केले.

दर्जाच्या बाबतीत मात्र याच गाडीने वेगळा धडा दिला. ती मेक्सिकोतील कारखान्यात तयार होत असे. २०१३ च्या सुरुवातीला तयार गाड्या अमेरिकेत मिशिगनमधील फ्लॅट रॉक येथे नेऊन त्यांची जादा तपासणी करण्यात आली. त्यामुळे दुकानदारांकडे माल उशिरा पोहोचला आणि सुरुवातीची विक्री मंदावली. ज्या मालाची तपासणी करता येते तो रोखून धरला गेला. जो आकडा कोणी पुन्हा तपासला नाही, तो गिऱ्हाइकाच्या पदरी पडला.

आपल्याकडेही आता हायब्रीड सेडान मिळतात. जाहिरातीतले अ‍ॅव्हरेज सहसा पुण्याच्या एआरएआय या संस्थेच्या प्रमाणपत्राचे असते. तेही ठरलेल्या चाचणीतलेच असल्याने दोन गाड्यांची तुलना करण्यास ते उपयोगी पडते. रोजच्या खर्चाचा अंदाज त्यावर बांधू नये. स्वतः मोजण्याची रीत सोपी आहे. टाकी काठोकाठ भरावी, किलोमीटर लिहून ठेवावेत, आपल्या नेहमीच्या रस्त्यावर गाडी चालवावी आणि पुन्हा काठोकाठ भरताना किती लिटर लागले ते पाहावे. असे तीन-चार वेळा करून सरासरी काढावी. जुनी हायब्रीड घेणाऱ्याने बॅटरीची वॉरंटी किती शिल्लक आहे, तेही कागदावर पाहून घ्यावे.

बंधूंनो, दुसऱ्याचे माप घरी आणून पुन्हा मोजण्यात अविश्वास नाही. तो धंद्याचा रिवाज आहे. आणि आपलेच माप कमी भरले असे दिसले, तर फरक परत करण्यातच दुकानाची पत राहते.